पेटीबाहेरचा चाकू

१

रविवारी संध्याकाळी रानातून परत येताना, रस्त्यावरच्या पोलीस चौकीत झालेल्या तपासणीत भावोजींच्या व्हॅनमध्ये चालकाच्या सीटखाली कागदात गुंडाळलेला एक चाकू सापडला.

चाकू म्हणजे काही तलवार नव्हे. बोटाएवढं वाकडं पातं, लाकडी मूठ आणि मुठीच्या टोकाला माती झाडायचा छोटासा ब्रश. त्यानं भोपळा चिरायला घेतला तर भोपळाच हसेल. पण कायद्याला विनोदबुद्धी नसते, हे मी वकील असल्यामुळे खात्रीनं सांगू शकतो.

आमच्याकडचा कायदा असा आहे. मासे धरायला, डोंगर चढायला, अळंबी गोळा करायला जाताना गाडीत चाकू खुशाल न्या. फक्त तो बंद पेटीत हवा, पेटी डिकीत हवी आणि गाडीत बसलेल्या कोणाचाही हात तिथवर पोचता कामा नये. घरून रानात, रानातून घरी. मध्ये कुठं रेंगाळायचं नाही. हाताशी चाकू सापडला आणि तो कोणाचा हे कळलं नाही, तर तो चालकाचा धरतात.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आठवडाभर ते याच व्हॅनमधून मुलांना शाळेत नेतात, आणतात. सुटीच्या दिवशी तीच व्हॅन रानात जाते. जाणारे चौघं: भावोजी, ताई, ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच माई म्हणतो, आणि शेजारचे दातांचे डॉक्टर. मला बोलावतात, पण मी जात नाही. चिखलात वाकून जेवण शोधण्यापेक्षा मला ताटात आलेलं जेवण आवडतं.

सोमवारी परवाना कार्यालयाची नोटीस आली. गुरुवारी सुनावणी. खरी धास्ती नुसत्या चाकूची नव्हती. तो रविवारीच तिथं आला कशावरून? शुक्रवारी मुलं मागे बसलेली असतानाही तो तिथंच नव्हता कशावरून? याचं उत्तर नसेल तर मुलांना नेण्याचा परवाना रद्द होणार होता, आणि एकदा गेलेला तो परवाना परत मिळत नाही. भावोजींना दुसरं काम येत नाही असं नाही. पण व्हॅनमधल्या कोणाचा दात पडला आणि कोणाचं कुत्रं व्यालं हे सांगताना त्यांचा चेहरा ज्यानं पाहिलाय, त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

ताईचा फोन आला तेव्हा मी आडवा झालो होतो.

"तू वकील आहेस ना?" ती म्हणाली. "मग ऊठ."

"अगं, तुमच्यापैकीच कोणाचा तरी असेल. चुकून पेटीबाहेर राहिला असेल. ज्याचा आहे त्यानं सांगावं, संपलं."

"तिथंच तर गाडं अडलंय. हवालदारानं आमच्यासमोर पेटी उघडली. माझा, ह्यांचा आणि डॉक्टरांचा, तिन्ही चाकू जागच्या जागी होते."

२

मंगळवारी मी ताईच्या स्वयंपाकघरात पोचलो, तर ताईनं आधी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. माईंना यातलं काही माहीत नाही. उगाच जिवाला लावून घेतील."

"अगं, पण त्या गाडीत नव्हत्या का?"

"होत्या. पण चौकीवर झोपलेल्या होत्या. हवालदारानं मागचं दार उघडलं तरी जाग आली नाही. उठल्या तेव्हा आम्ही पार गावाच्या वेशीवर."

ताईची हकिगत सरळ होती. निघताना तिनं स्वतः तिन्ही चाकू पेटीत ठेवले, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. माई चाकू वापरत नाहीत. मागच्या मोसमात त्यांनी अंगठा चांगलाच कापून घेतला, तेव्हापासून भावोजींनी त्यांना बंदी केली. आता त्या काठी घेऊन हिंडतात आणि बाकीचे तिघं जे जे उपटतील ते ते तपासतात. माईंच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एकही अळंबी टोपलीत पडत नाही. त्यांनी 'हूं' म्हटलं की टोपली, 'अंहं' म्हटलं की झुडूप.

"आजवर कधी चुकल्या नाहीत," ताई म्हणाली. "म्हणून तर तू अजून जिवंत आहेस. गेल्या आठवड्यात तीन वेळा जेवून गेलास."

भावोजी ओट्यापाशी उभे होते. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोणाचा असेल?"

"काय माहीत," ते म्हणाले आणि नळ घट्ट करायला लागले.

आता, भावोजींची एक खोड मला लग्नापासून ठाऊक आहे. या माणसाला खोटं बोलता येत नाही. बोलावंच लागलं तर हाताला चाळा लागतो आणि समोर जे फिरवण्यासारखं असेल ते ते फिरवतात. नळ आधीच बंद होता. तरी त्यांनी तो इतका आवळला की नंतर ताईला उघडता येईना.

बाहेर पडताना माईंनी मला बैठकीच्या खोलीत गाठलं. दोऱ्यात ओवलेल्या अळंब्या त्या खिडकीत वाळत घालत होत्या.

"जेवायला आलास?"

"नाही माई, सहज."

"सहज येणारा तू नव्हेस." मग अळंबीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "हे बघ, व्हॅन कोणी आतून झाडली का रे? तुला काही माहीत आहे?"

मला काहीच माहीत नव्हतं. पण ज्या बाईला यातलं काहीच ठाऊक नाही, तिला व्हॅन झाडल्याची पंचाईत कशाला, हा प्रश्न मला फाटकापाशी पडला आणि घरी जाईपर्यंत सुटला नाही.

३

दातांच्या डॉक्टरांवर माझा आधीपासून डोळा होता. एक तर ते या छंदात नवे. दुसरं म्हणजे, ताई म्हणाली होती की परतताना ते पुढे, भावोजींच्या शेजारी बसले होते. तिथून सीटखाली काही सरकवायला कितीसा वेळ लागतो?

दवाखान्यात खुर्चीवर एक गृहस्थ आ वासून पडले होते. डॉक्टर त्यांच्या तोंडात बघत माझ्याशी बोलत होते, त्यामुळे उत्तरं नक्की कोणाला चालली आहेत हे कळायला जरा वेळ लागला.

"माझा चाकू? शक्यच नाही. मी प्रत्येक कापणीनंतर तो स्पिरिटनं पुसतो. जरा मोठं उघडा. तुम्ही नाही हो, हे."

"जाताना कुठं बसला होतात?"

"तुमच्या भावोजींच्या मागे. येताना माई म्हणाल्या, मला पाय पसरून पडायचंय, तुम्ही पुढे बसा. मग मी पुढे, त्या मागे आणि वहिनी त्यांच्या पलीकडे, खिडकीशी. दुखतंय?"

"मला?"

"ह्यांना."

मग त्यांनी मला माईंचे नियम ऐकवले. नवा भक्त देवापेक्षा पूजेविषयी जास्त बोलतो, तशातला प्रकार. देठ मुळापासून उपटायचा नाही. ओली अळंबी पिशवीत नाही, टोपलीत. दर कापणीला पातं पुसायचं. शंकेची असेल तर कागदात वेगळी, ज्यानं कापली तो चाकूही न पुसता तिच्यासोबत, खायच्या टोपल्यांपासून लांब. माथ्यावर चिखल असेल तर ब्रश, पाणी नाही. मी भिंतीवरचं जबड्याचं चित्र बघत हूं हूं करत होतो. माझ्या अकलदाढेला काय झालंय याची मला काळजी वाटायला लागली होती.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाले. "हा चाकू मिटवायचा कसा आहे? म्हणजे तुमच्या भावोजींचा परवाना... माझी भाचीही त्याच व्हॅननं जाते. दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायला ती तयार नाही." ते थांबले. "कोणी पुढे येत नसेल तर मी म्हणतो माझा आहे. माझं काय जाणार?"

खोटा कबुलीजबाब देऊ पाहणारा माणूस मी बरेचदा पाहिलाय, पण दुसऱ्याच्या तोंडात आरसा धरून देणारा हा पहिलाच. डॉक्टर माझ्या यादीतून तिथंच बाद झाले. म्हणजे उरले घरचेच लोक.

४

बुधवारी सकाळी मी परवाना कार्यालयात जाऊन चाकू पाहिला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद होता. सोबत रविवारी चौकीवर काढलेला फोटो.

चाकू जुना होता, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. पण मी बघत राहिलो तो पात्याकडे. त्यावर काळपट डाग वाळला होता. फोटोत तोच डाग निळा दिसत होता, शाळेच्या शाईसारखा. फोटोचा रंग बिघडला असेल म्हणून मी तो बाजूला ठेवला.

नशिबानं तो चौकीवरचा हवालदारही आपली साक्ष लिहून द्यायला आलेला होता. बाकावर बसून चहा पीत होता.

"सीटखाली हात कुठून घातलात?" मी विचारलं.

"मागून. पुढून जॅक बसवलाय ना, पुढून बोटसुद्धा जात नाही."

"आणि कागदात नुसता चाकूच होता?"

"नुसता कुठला. काहीतरी कुजकं गिळगिळीत होतं सोबत. अंगावर पडलं माझ्या. दिलं भिरकावून गवतात. कचरा काय जप्त करायचा?"

मी त्याच्या शेजारी बसलो. अकलदाढेच्या काळजीत अर्धवट ऐकलेलं ते वाक्य आता स्वच्छ ऐकू आलं. शंकेची असेल तर कागदात वेगळी, चाकूही न पुसता तिच्यासोबत, खायच्या टोपल्यांपासून लांब. टोपल्या कुठं होत्या? डिकीत. पेटी कुठं होती? तीही डिकीत, टोपल्यांना चिकटून. मग शंकेची अळंबी आणि तिचा चाकू जाणार कुठं? पुढेच.

कोणी काही लपवलं नव्हतं, कोणाचा काही डाव नव्हता. एका माणसानं अळंबीचा नियम तंतोतंत पाळला आणि त्या नादात चाकूचा कायदा मोडला. अशी चूक फक्त याच चौघांच्या हातून होऊ शकते.

प्रश्न एवढाच उरला, की चौघांतलं कोण? आणि मी बाकावरून उठायच्या आत भावोजींचा फोन आला.

"लिहून टाक," ते म्हणाले. "चाकू माझा आहे."

५

मी थेट त्यांच्या अंगणात गेलो. भावोजी व्हॅनच्या चाकाचे नट आवळत होते. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

"तुमचा चाकू," मी म्हणालो. "पातं निळं कशानं झालं होतं?"

"गंजलं असेल."

"निळा गंज?"

त्यांनी पाना खाली ठेवला.

"भावोजी, ऐका. रानात तुम्हाला एखादी अळंबी ओळखता आली नाही, तर काय करता?"

"माईला दाखवतो."

"ताई?"

"तीही माईलाच दाखवते."

"डॉक्टर?"

"तो तर चांगल्याही दाखवतो."

"म्हणजे तुमची तिघांची शंका रानातच फिटते. कागदात गुंडाळून घरी न्यायची वेळ तुमच्यावर येतच नाही. शंका घरी कोण नेईल? जिला विचारायला रानात दुसरं कोणीच नाही ती. सीटखाली हात फक्त मागून जातो, आणि येताना तुमच्या मागे जागा मागून घेऊन कोण बसलं होतं, तेही तुम्हाला माहीत आहे."

भावोजी म्हणाले, "चौकीवर बघितल्याबरोबर ओळखला मी तो चाकू. मीच काढून घेतला होता तिच्याकडून, कपाटावर मागे टाकला होता. अंगठ्याचं रक्त थांबत नव्हतं रे, मी घाबरलो. म्हणालो, आता तू नुसतं बघायचं. पण त्या दिवशीचा तिचा चेहरा..." त्यांनी पाना उचलला, परत ठेवला. "आता चार लोकांत, ऑफिसात उभी करून, तुझ्यामुळे माझा परवाना चाललाय म्हणू? मला नाही जमायचं. गेला परवाना तर गेला."

मला त्यांचा राग आला आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली. दोन्ही न करता मी घरात गेलो.

६

माई खिडकीपाशी होत्या. मी समोर बसलो आणि आडवळण न घेता विचारलं, "माई, कुठली होती ती?"

त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट जरा सुटल्यासारखं दिसलं.

"त्यानं सांगितलं तुला? मला वाटलंच, त्यालाच सापडली पुडी. गुपचूप काढून घेतली असणार, मला वाईट वाटू नये म्हणून. म्हणून मीही विचारलं नाही."

म्हणजे दोघंही एकमेकांना जपत तीन दिवस मूग गिळून बसले होते.

"मला ओळखता आली नाही," माई म्हणाल्या. हे वाक्य त्यांना जड गेलं. "टोपी तपकिरी, देठ जाड, सगळं नेहमीचं. पण हात फिरवला तर काहीतरी वेगळं लागलं. पाहिलं, परत पाहिलं, उमजेना. तुझी ताई हाक मारत होती, डॉक्टर धावत येत होते. त्यांच्यापुढे काय म्हणू, की मला येत नाही? अंगठा कापला तर चाकू गेला. आता डोळेही गेले म्हणतील, मग रानही जाईल. घरी आणून भिंगाखाली बघू म्हटलं. कपाटावरचा चाकू मी केव्हाच शोधला होता, पदराआड न्यायचे. कापली, पातं झर्रकन निळं पडलं, गुंडाळली आणि सरकवली सीटखाली."

"माई, ती पुडी हवालदाराला सापडली."

मी सगळं सांगितलं. चौकी, नोटीस, शुक्रवारची मुलं, परवाना, भावोजींचा फोन. माईंचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्या उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"कुठं निघालात? सुनावणी उद्या आहे."

"उद्या कशाला? आज उघडं नाही का ते ऑफिस?"

७

अधिकारी बाई वयानं माझ्याएवढ्या, चष्मा कपाळावर सारलेला. त्यांनी आधी भावोजींकडे पाहिलं, मग मध्येच उभ्या राहिलेल्या माईंकडे.

"चाकू माझा आहे," माई म्हणाल्या. "माझ्या मुलाला तो गाडीत आहे हे माहीत नव्हतं. मीच त्याच्यापासून लपवला होता."

"आजी, तुम्ही मुलाला वाचवायला म्हणत असाल. तो चाकू शुक्रवारी गाडीत नव्हता, हे मी कसं मानू?"

इथं मी तोंड उघडणार होतो. फी न घेणाऱ्या वकिलाचीही काही इभ्रत असते. पण माईंनी हात करून मला गप्प केलं आणि टेबलावरची पिशवी पुढे ओढली.

"आज हा डाग कसा दिसतो?"

"काळा."

"आणि ह्या फोटोत?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "निळा."

"ही अळंबी कापली की रस निळा होतो, आणि रात्र उलटायच्या आत काळा पडतो. शुक्रवारी कापली असती, तर रविवारी तुमच्या माणसाला काळाच डाग दिसला असता. निळा दिसला म्हणजे त्याच दुपारी कापली. विश्वास नसेल तर रानातून एक आणून देते, तुम्हीच कापा आणि बसा बघत."

जो फोटो मी रंग बिघडला म्हणून बाजूला सारला होता, तोच आमची साक्ष निघाला. अजून बाकावरच बसलेल्या हवालदाराला आत बोलावलं, त्यानंही मान डोलावली. कागद ओला होता, ते कुजकं म्हणजे कापलेली फोडच होती, आणि त्याच्या शर्टावरही निळा डाग पडला होता, तो धुतल्यावर काळा झाला म्हणून बायको अजून बोलते आहे. सरकारी साक्षीदार इतक्या मनापासून आमच्या बाजूनं बोललेला मी तरी पाहिलेला नाही.

चाकूची मालकीण समोर आली होती, कारण सहलीचं होतं, गाडी सरळ घरी चालली होती आणि चालकाचा हात सीटखाली पुढून पोचतच नव्हता. माईंना ताकीद, चाकू परत आणि भावोजींच्या नोटिशीवर काट, असा बाईंनी निकाल दिला. "पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या, "शंकासुद्धा डिकीत. तिच्यासाठी दुसरी पेटी करा."

माझा जीव भांड्यात पडला. भावोजींनी बाईंच्या टेबलावरचं पेनाचं टोपण फिरवायला घेतलं होतं, ते त्यांनी हळूच जागेवर ठेवलं.

बाहेर पायऱ्यांवर माई थांबल्या. "मला का सांगितलं नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तुझं काम गेलं असतं, तर मला बरं वाटलं असतं?"

भावोजी खाली बघत राहिले. "चुकलो."

"मीही चुकले," माई म्हणाल्या. "तूही माझ्यापासून लपवतोस आणि मीही तुझ्यापासून. एकाच घरात राहतो ना आपण?"

भावोजींनी चाकूची पिशवी त्यांच्या हातात दिली. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. अंगठा कापल्यापासून रानात कधी निघायचं हे भावोजीच ठरवत आणि माईंना नुसतं सांगत. आज त्यांनी विचारलं, "रविवारी किती वाजता निघायचं, माई?"

"उजाडलं की. आणि पुन्हा एखादी मला ओळखता आली नाही, तर तुला विचारीन."

"मला? मला कुठं काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर म्हणते," माई म्हणाल्या आणि मुलाच्या हाताला धरून पायऱ्या उतरायला लागल्या. "शिकवते तुला."